पान एकशे एकवीस, ओळ नववी

“सरूबाईनं कंदील वर धरला पूर्णविराम साहेबाच्या मानेवर दहा बोटांचे वळ उमटले होते स्वल्पविराम पाच डावीकडे स्वल्पविराम पाच उजवीकडे पूर्णविराम सरूबाई म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू हे काम दोन धडधाकट हातांचं आहे उद्गारचिन्ह अवतरण बंद—”

“माणिक,” अण्णा चौगुले म्हणाले, “आवाज कशाला चढवलास?”

“उद्गारचिन्ह आहे, अण्णा.”

“उद्गारचिन्ह सांगायचं. करायचं न्हाई.”

मी आवाज उतरवला आणि खून पुढे वाचला.

हे १९८३ सालचं. कोल्हापुरातल्या चंद्रप्रभा मुद्रणालयात मी कॉपी वाचायला होते. लेखकाचं हस्तलिखित मी मोठ्यानं वाचायचं, समोर छापील प्रूफ घेऊन अण्णांनी बसायचं आणि दोन्ही जुळतंय का ते लाल पेन्सिल हातात धरून बघायचं, असं ते काम. वाचायचं ते सगळ्या चिन्हांसकट आणि एकाच सुरात. लग्नपत्रिका असो, सहकारी बँकेचा अहवाल असो की खून असो, अण्णांना सूर बदललेला चालत नसे. ‘गोष्टीत शिरलं की चूक दिसत न्हाई,’ हा त्यांचा पहिला नियम. ‘सही झालेल्या प्रुफाला हात लावायचा न्हाई,’ हा दुसरा. तिसरा नियम त्यांनी कधी सांगितला नाही, कारण पहिल्या दोनांतच आमचा दिवस संपायचा.

नियमांचं फळ त्यांच्या पदरात होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला शुद्धिपत्र लागलं नव्हतं. दुसऱ्या छापखान्याचं पुस्तक हाती आलं की अण्णा आधी त्यातली चुकांची यादी काढत, मोजत, ‘सतरा’ किंवा ‘बारा’ असा नुसता आकडा बोलत आणि पुस्तक खाली ठेवत. त्या आकड्यात जेवढी निंदा असायची तेवढी शिवीत मावली नसती. येत्या दिवाळीला ते निवृत्त होणार होते. पुण्याच्या एका प्रकाशकानं ‘निवृत्तीनंतर आमची प्रुफं घरी पाठवू, तुमच्यासारखी नजर आज मिळत नाही’ असं पत्र धाडलं होतं. ते पत्र अण्णा कोटाच्या आतल्या खिशात ठेवत आणि चहाच्या वेळी एकदा काढून बघत.

मी तेव्हा वीस वर्षांची. घरून नोकरीला ‘लग्न ठरेपर्यंत’ एवढीच परवानगी होती. नोकरी गेली असती तर ते लग्न महिन्याभरात ठरलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि खुनाची ती कादंबरी होती दौलत लोहार यांची. सगळे त्यांना दौलूमिस्त्री म्हणत. जवळच्याच एका साखर कारखान्यात ते तीस वर्षं बॉयलरवर होते. गळीत हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, की मिस्त्री शाळेच्या वह्या घेऊन लिहायला बसत. अशी नऊ वर्षं बसून त्यांनी ‘पन्हाळ्याचा धूर’ लिहिली होती. त्या वर्षी त्यांचा शेवटचा हंगाम. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरची पूजा करून तो पेटवतात, त्याला अग्निप्रदीपन म्हणतात. चेअरमनसाहेबांनी आधी बॉयलर पेटवायचा आणि मग त्याच हातांनी पुस्तक प्रसिद्ध करायचं, असं ठरलं होतं.

मिस्त्रींच्या कादंबरीत सत्तावन्न सालच्या धामधुमीत इंग्रज घाट उतरून कोकणात गेले ते परत वर आलेच नाहीत. त्यामुळे १८८७ साली खाली मुंबईत विलायतेच्या राणीचं राज्य आणि वर पन्हाळ्यावर वाफेचं. रस्त्यानं तांब्याचे हत्ती फुसफुसत चालतात, मोटा वाफेवर चालतात, गडावरून जोतिबाच्या डोंगराकडे हवेतलं जहाज सुटतं आणि शिट्टी दिली की खालच्या गावातली गुरं उधळतात. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्ही राज्यांत तह व्हायचा असतो. त्यासाठी मुंबईहून एक इंजिनियर साहेब वर येतो आणि बॉयलरघरात गळा दाबून मारलेला सापडतो. तपास करते सरूबाई, तांबटाची विधवा. दरबारातल्या किटल्या, बंब, हंडे दुरुस्त करणारी बाई. तिला सगळीकडे वाट मोकळी, आणि भांडं ठोकत बसलेल्या बाईसमोर माणसं काहीही बोलतात.

मला ते इतकं आवडलं की काय सांगू. सगळ्यात आवडले नरसिंगराव दिवाण. लढाईत त्यांचा उजवा हात तुटलेला. त्या जागी कोपरापर्यंत पितळेचा हात, आत बारीक नळ्या, वाफेवर उघडमीट करणारी बोटं. तो हात कसा घडवला हे सांगायला मिस्त्रींनी तीन पानं खर्च केली होती आणि त्यातली एक ओळही जास्त वाटत नव्हती. साहेब दोन हातांनी मारला गेलेला, म्हणून दिवाणांवर कोणी संशय घेत नव्हतं. माझा संशय हवाई जहाजाच्या कप्तानावर होता. आमचे जुळारी कासिमभाई, जे या कादंबरीचा एकेक खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, बोटांनी उचलून जुळवत होते, ते साहेबाच्या मडमेवर अडून बसले होते. चहाला आम्ही भांडायचो. अण्णा भांडणात पडत नसत.

“अण्णा, तुम्हाला कोण वाटतं?”

“मला दुसऱ्या ओळीतला अनुस्वार पुसट वाटतोय.”

पुढचं वाचून टाकावं तर तीही सोय नव्हती. वह्या अण्णांच्या कपाटात कुलपात असत. आमच्याकडे खिळे मोजके. सोळा पानांचा एक फर्मा जुळवायचा, छापायचा, मग तेच खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे आणि पुढची सोळा पानं जुळवायला घ्यायची. तेवढ्यापुरतीच कॉपी अण्णा बाहेर काढत. सोळा पानं, की आठवडाभर वाट. आज मी घरी बसून संगणकावर प्रुफं बघते, अख्खं पुस्तक एका दमात येतं, पण त्या आठवड्यांसारखी भूक काही लागत नाही.

आठव्या फर्म्याचं शेवटचं वाचन ऑगस्टात झालं. दुपारची वेळ. दिवाणांच्या वाड्यावर तहाची बोलणी चाललीत, सरूबाई कोपऱ्यात पिकदाणीला डाग देत बसलीय, असा प्रसंग. मी सपाट आवाजात वाचत होते.

“तांब्याची किटली नुकतीच चुलीवरून उतरली होती पूर्णविराम बोलता बोलता दिवाणांनी उजवा हात किटलीला लावला आणि झटकन मागे घेतला पूर्णविराम—”

“परत वाच,” अण्णा म्हणाले.

मी परत वाचलं. अण्णांनी पेन्सिल त्या ओळीवर धरली. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या पिठाच्या गिरणीची भिंत होती.

“चुकलं का काही, अण्णा?”

“न्हाई. बरोबर हाय. पुढं.”

साडेपाचला त्यांनी प्रुफावर ‘छापावे’ लिहून सही केली आणि छत्री उचलली. अण्णा जैन, सूर्य बुडायच्या आत जेवायचे, त्यामुळे साडेपाचला निघायचे म्हणजे निघायचे. प्रूफ मशीनखात्यात नेऊन देणं माझं काम. मशीन सकाळी सुरू व्हायचं होतं, घाई नव्हती. मी जिन्याखालच्या बाकावर बसले आणि ती सोळा पानं पुन्हा वाचली, या वेळी माझ्यासाठी, चिन्हांशिवाय.

आणि एकशे एकविसाव्या पानावर थांबले. दिवाणांनी उजवा हात किटलीला लावला आणि झटकन मागे घेतला. उजवा? उजवा तर पितळेचा! पितळेला कसला आलाय चटका?

मिस्त्रींची चूक, हे उघड होतं. नऊ वर्षं लिहिताना माणूस विसरणारच. अण्णांना ओळ खटकली, परतही वाचायला लावली, पण काय खटकलं ते त्यांना कळलं नाही. कळणार कसं, गोष्ट वाचायचीच नाही म्हटल्यावर! मी गोष्टीत शिरले होते म्हणूनच मला चूक दिसली. अण्णांचा पहिला नियम खोटा ठरला आणि त्या आनंदात मी दुसरा मोडला. वर जाऊन त्यांच्या टेबलावरची लाल पेन्सिल घेतली, ‘उजवा’ खोडलं आणि समासात ‘डावा’ लिहिलं. अगदी त्यांच्यासारखी खूण केली. कासिमभाईंनी खाली सही बघितली आणि खिळे बदलले. आपण एका चांगल्या पुस्तकाला बट्ट्यापासून वाचवलं, या समाधानात मी घरी गेले. अण्णांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही. म्हटलं, पुस्तक निघालं की सांगू, तेव्हा कौतुकही होईल.

सकाळी हजार प्रती छापून झाल्या. दुपारपर्यंत खिळे खणांत परत गेले.

शेवटचा, चौदावा फर्मा सप्टेंबरच्या अखेरीला वाचायला घेतला. अग्निप्रदीपनाला पाच दिवस उरले होते. मागचे फर्मे पुस्तकं बांधणाऱ्याकडे घड्या घालून तयार होते. दरबार भरलाय, तहावर सह्या होणार, आणि सरूबाई हातात किटली घेऊन उभी राहते. मी वाचत होते. सूर सपाट ठेवायला जीव खाऊन प्रयत्न करत होते.

“सरूबाई म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू दिवाणसाहेब स्वल्पविराम त्या दिवशी तुमचा उजवा हात ह्या किटलीला लागला आणि तुम्ही तो मागे घेतला पूर्णविराम मी तांबटाची बाई पूर्णविराम पितळेला चटका बसत नाही—”

पुढचा पूर्णविराम माझ्या तोंडून निघालाच नाही.

“पूर्णविराम हाय का न्हाई?” अण्णांनी विचारलं.

“आहे.”

“मग सांग की.”

मी सांगितला आणि पुढचं वाचलं. पितळेचा हात पोकळ होता. त्याच्या आत दिवाणांचा खरा हात शाबूत होता. खून दोन हातांचा, दिवाण एका हाताचे, म्हणून कोणी संशय घेतला नव्हता; आणि हात तुटल्याचं ते सोंग दिवाणांनी वीस वर्षं जपलं होतं. सगळं किती चोख बसवलेलं! माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं हलत होती. वाचून संपलं तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू होतं. ते माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी माझा चेहरा बघितला.

“काय झालं गं?”

माझी नजर कपाटावरच्या छापील फर्म्यांकडे गेली. अण्णा उठले, कपाटावरून आठव्या फर्म्याचा छापील कागद काढला, बोट फिरवत एकशे एकविसाव्या पानाच्या नवव्या ओळीवर आले आणि तिथंच राहिले. मग कागद ठेवून मशीनखात्यात गेले. सही केलेली प्रुफं तिथं तारेला अडकवलेली असत. पाच-दहा मिनिटांनी परत आले तेव्हा हातात काही नव्हतं. फक्त कोटाचा आतला खिसा, ज्यात पत्र असायचं तो, थोडा फुगलेला होता.

मालक भूपाल मगदूम यांना बोलावलं. कारखान्याला निरोप गेला. मिस्त्री मिळेल त्या ट्रकनं चारच्या सुमारास आले, अंगावर कामाचेच कपडे. त्यांनी तो कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि खाली बसले.

“अण्णा,” ते म्हणाले, “ह्या एका हातासाठनं म्या समदं बुक लिवलंय वो.”

मालकांचा आवाज चढला. “पण हे झालं कसं? वहीत ‘उजवा’ आहे. प्रुफावर सही कुणाची?”

“माझी,” अण्णा म्हणाले.

“तुमच्या हातून? अण्णा, एकतीस वर्षं झाली, तुमच्या हातून कधी—”

“सही माझी हाय, भूपाल. आता पुढचं बोला.”

मी दाराशी उभी होते. बोलायला हवं होतं, एवढं समजत होतं. पण नोकरी, घर, महिन्याभरात ठरणारं लग्न, सगळं आठवलं आणि मी गप्प बसले. मला त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते.

पुढचं बोलणं फार पुढे जाईना. फर्मा नव्यानं छापावा तर त्या जातीचा कागद संपलेला, मुंबईहून यायला पंधरा दिवस. चुकलेल्या शब्दावर चिकटपट्टी लावावी, असं मालक म्हणाले. “हजार प्रतींत एकाच शब्दावर पट्टी?” अण्णा म्हणाले. “वाचणाऱ्याची नजर तिथंच जाईल.”

“मग सरळ शुद्धिपत्र घालू. एका ओळीचं.”

“अवो मालक,” मिस्त्री म्हणाले, “बुक उघडल्या उघडल्या लोकं वाचणार, दिवाणाचा हात डावा न्हवं, उजवा. मग खुनी कोन ते सांगायला सरूबाई कशाला पायजे? शेंबडं पोरगं बी सांगंल.”

त्यांनी शेवट बदलायचाही प्रयत्न केला. शेवटचा फर्मा अजून खिळ्यांतच होता. तासभर पेन्सिल घेऊन बसले, चार ओळी लिहिल्या, खोडल्या. “न्हाई जमत. आता घातलेला पुरावा म्हंजे बॉयलर फुटल्यावर आवळलेला नट,” ते म्हणाले. “राहू दे अण्णा. निघू दे तसंच. म्हातारपणी येडा झालाय म्हणतील लोकं, दुसरं काय.”

त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. इतकी हळू ठेवली की आवाज झाला नाही. नऊ वर्षांचं पुस्तक ते आमच्या टेबलावर सोडून निघाले होते.

“थांबा,” अण्णा म्हणाले. “एका ओळीचं शुद्धिपत्र बोंब मारतं, कबूल. बारा ओळींचं मारंल?”

अण्णा मालकांकडे वळले. “बारा चुकांत ही एक. वाचणारा यादी बघतो, कंटाळतो, पान उलटतो. पुढं त्या ओळीवर आला तर त्याला आठवंल, न्हाई आठवलं तर सरूबाईनं सांगितल्यावर मागं जाऊन बघंल. पुरावा पुस्तकातच असंल. लपवलेला न्हाई, आनि दाखवलेलाबी न्हाई.”

मिस्त्री हळूहळू ताठ झाले.

“पण बाकीच्या अकरा चुका कुठायत?” मालकांनी विचारलं.

“न्हाईत,” अण्णा म्हणाले. “करायच्या.”

“म्हणजे नसलेल्या चुका तुम्ही... अण्णा, लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, म्हाताऱ्याचे डोळे गेले. माणिक, कागद घे.”

मी कागद घेतला. अण्णांनी छापील फर्मे पुढे ओढले आणि चुका नसलेल्या पानांत चुका शोधायला लागले. एवढं अवघड काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. बरोबर असलेला शब्द निवडायचा आणि त्याला चूक ठरवायचं, तेही असं की पुस्तकाला धक्का लागू नये.

“पान सतरा, ओळ चार. ‘किल्ली’ऐवजी ‘चावी’ वाचावे.”

“अण्णा, किल्ली बरोबरच आहे की.”

“मला कळतंय. लिही.”

“पान एकतीस, ओळ अकरा. ‘तांबडा’ऐवजी ‘लाल’ वाचावे.” पुढचा शब्द सापडायला दहा मिनिटं गेली. “पान चव्वेचाळीस. ‘संध्याकाळी’... ‘सायंकाळी’.” प्रत्येक शब्दाला त्यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होई. मिस्त्रींना मात्र आता चेव आला होता. “अण्णा, पंचावन्न पानावर वाफेचा दाब म्या कमी लिवलाय, खरंच चुकलंय त्ये, घाला!”

“तुमची चूक न्हाई घालायची,” अण्णा म्हणाले. “सगळ्या छापखान्याच्या पायजेत.”

नववी आली तेव्हा ते थांबले. “पान एकशे एकवीस, ओळ नववी. ‘डावा’ऐवजी ‘उजवा’ वाचावे.” मी लिहिलं. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, पुढचं पान उलटत होते.

बारा झाल्यावर त्यांनी वरचा मजकूर सांगितला, चिन्हांसकट, एकाच सुरात. “मुद्रितशोधकाच्या नजरचुकीमुळे पुढील दोष राहून गेले आहेत पूर्णविराम वाचकांनी ते आधी दुरुस्त करून घ्यावेत पूर्णविराम. खाली नाव घाल. आ. पा. चौगुले.”

“नाव कशाला?” मालक म्हणाले. “नुसतं शुद्धिपत्र पुरे.”

“नाव नसलं तर लोक मिस्त्रीचं अडाणीपण म्हणतील. चौथी शिकलेला माणूस, लगेच म्हणतील.”

खिडकीबाहेर बघितलं तर गिरणीचे दिवे लागले होते. सूर्य कधीच बुडाला होता.

“अण्णा, तुमचं जेवण!”

“आज उपास,” ते म्हणाले, आणि कासिमभाईंना हाक मारली.

बॉयलर ठरल्या दिवशी पेटला आणि पुस्तक निघालं. मिस्त्रींना पत्रं यायला लागली. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यानं लिहिलं होतं, ‘पितळेला चटका बसत नाही हे वाचून मी खुर्चीतून उठलो. मागे जाऊन एकशे एकविसावं पान बघितलं, मग शुद्धिपत्र बघितलं, आणि कपाळावर हात मारला. माझ्या डोळ्यांसमोर होतं की हो!’ मिस्त्रींनी ते पत्र खिशात घालून अख्ख्या कारखान्यात फिरवलं. गडहिंग्लजच्या एका शिक्षकांचं पत्र छापखान्याच्या पत्त्यावर आलं. त्यांनी किल्ली, तांबडा आणि संध्याकाळ यांची बाजू घेऊन दोन पानं लिहिली होती आणि शेवटी, ‘आपल्या मुद्रितशोधकांस आता विश्रांतीची गरज दिसते,’ असं म्हटलं होतं. अण्णांनी ते वाचलं, त्यातली एक अशुद्ध वेलांटी लाल पेन्सिलीनं दुरुस्त केली आणि फाइलला लावलं.

पुस्तक पुण्यालाही पोचलं होतं. दिवाळी आठ दिवसांवर आली तरी प्रकाशकाकडून प्रुफं आली नाहीत. अण्णांनी एक कार्ड टाकलं. त्याला उत्तर आलं नाही. चहाच्या वेळी खिशातलं ते जुनं पत्र काढून बघणं त्यांनी बंद केलं, ते मी रोज बघत होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अण्णांचा छापखान्यातला शेवटचा दिवस होता. मालकांनी शाल-नारळ दिला, कासिमभाईंनी स्वतः जुळवलेलं छोटं मानपत्र दिलं. त्यात एकही चूक नव्हती. पाचच्या पुढे सगळे आपापल्या कामाला गेले आणि अण्णा टेबलाचा खण रिकामा करत बसले. मी समोर जाऊन उभी राहिले.

“अण्णा, आठव्या फर्म्यातला तो ‘डावा’ मी केला. तुमची सही झाल्यावर.”

“म्हाईत हाय.”

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेलं प्रूफ काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं. “माझी खोडायची रेघ सरळ असती. तुझी शेवटाला जरा वर जाती. जास्त न्हाई, जराशीच.”

“मालकांसमोर मी बोलायला पाहिजे होतं.”

“पायजे होतं,” अण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. मला रडू आलं. ते थांबेपर्यंत त्यांनी खणातल्या टाचण्या डबीत भरल्या.

“पण मी मिस्त्रींची चूक दुरुस्त करायला गेले होते, अण्णा. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं नाही. तुम्ही नुसतं ‘परत वाच’ म्हणालात आणि पुढे गेलात.”

“लक्षात आलं न्हाई?” अण्णांनी डबी ठेवली. कोणी ऐकत नाही ना हे बघितलं. “अगं, पितळंचा हात, न् चटका बसून मागं घेतोय! म्हटलं, आगागा, दिवाण! एकशे एकविसाव्या पानाला मला खुनी सापडला. पेन्सिल हातातनं पडायची राहिली. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कुणाला बोलू नका.”

एकतीस वर्षं गोष्टीत न शिरलेला माणूस!

“कपाटाची किल्ली तुमच्याकडेच होती,” मी म्हणाले. “मग पुढचंही वाचलं असेल.”

“छ्या! तसं वाचण्यात काय गंमत? सोळा पानं, मग आठवडा. तू वाट बघायचीस, मीबी बघायचो. कासिमला मडमेवरनं हलवायचं मनात यायचं, पन गप बसायचो.”

“मग मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर मी त्या शब्दाला हातच लावला नसता. शुद्धिपत्र लागलं नसतं. पुण्याचं काम...”

अण्णांनी टोपी घातली, शाल काखेत घेतली. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होत आले होते. त्यांनी छत्री उचलली आणि दाराशी गेल्यावर मागे वळले.

“तुझी मजा गेली असती की,” ते म्हणाले.